क्रूनर, जॅझ आणि जुना रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐकण्याची बैठक संपून चहा आला की, आणि नंतर रात्री अकराच्या पुढे मोबाइलवर, तेच ते प्रश्न येतात. शेवटी एकदाचे लिहून काढले. सोपे आधी, किचकट शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायचा मला कंटाळा आहे, म्हणून मध्ये मध्ये 'प्र. अमुक पाहा' असं दिसेल.

१. क्रूनर म्हणजे नेमकं कोण? हा शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा?

आधी टोमणा, मग बिरुद. 'क्रून' हे क्रियापद स्कॉटलंडकडचं. पुटपुटणं, बाळाला थोपटताना गुणगुणणं, असा त्याचा अर्थ. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काही पुरुष गायक मायक्रोफोनला जवळजवळ चिकटून, हलक्या आवाजात प्रेमगीतं गाऊ लागले. जीन ऑस्टिन, 'व्हिस्परिंग' जॅक स्मिथ, रूडी व्हॅली ही पहिल्या फळीतली नावं. व्हॅलीचा आवाज इतका बारीक होता की हॉटेलातल्या कार्यक्रमात तो तोंडासमोर भोंगा धरून गायचा.

समाजातल्या वडीलधाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. परका पुरुष भरदिवसा आपल्या घरात शिरून आपल्या बायकोच्या कानात कुजबुजतो म्हणजे काय! १९३२ मध्ये बोस्टनच्या कार्डिनल ओ'कॉनेल यांनी क्रूनिंगला जाहीरपणे झोडपून काढलं. बिंग क्रॉस्बी लोकप्रिय झाला आणि त्या शब्दातला डंख हळूहळू गेला.

२. मायक्रोफोन आला म्हणून गाणं बदललं, असं तुम्ही दर वेळी म्हणता. आवाज मोठा झाला, एवढंच ना?

आवाज लहान करता आला, ही खरी गंमत.

१९२५ पूर्वी रेकॉर्डिंग म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एक भलामोठा कर्णा. गायक त्याच्या तोंडाशी उभा राहून पूर्ण ताकदीने गायचा. त्या हवेच्या धक्क्याने पलीकडची सुई थरथरायची आणि फिरत्या मेणावर रेघ कोरली जायची. विजेचा कुठे संबंधच नाही. दबका आवाज, सुस्कारा, अर्धवट सोडलेला शब्द यातलं काही मेणापर्यंत पोहोचायचंच नाही. रंगमंचावरही तीच तऱ्हा. पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा, तर तो छातीतून यायला हवा. संगीत नाटकांच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी पद्धत घेतली. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. रेडिओ स्टुडिओत तो आधीपासून होताच. १९३० च्या दशकात आरसीएचा '४४' हा रिबन मायक्रोफोन आला. जुन्या फोटोंत गायकासमोर कॅप्सूलसारखा, उभ्या जाळीचा, तीन किलोंहून जड असा जो ठोकळा दिसतो, तोच. त्याच्या आत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धातूची अगदी पातळ, चुणीदार पट्टी असते. समोरून आणि मागून त्याला छान ऐकू येतं, बाजूने जवळजवळ नाही. आणि गायक त्याच्या जितका जवळ सरकेल तितका खर्ज फुगतो. क्रॉस्बीच्या आवाजाला जो साजूक तुपासारखा गुण आहे, त्यात गळ्याचा वाटा मोठा आहेच, पण या पट्टीचाही आहे.

घरी करून पाहा. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि 'मामा' म्हणा. मग 'पापड' म्हणा. दुसऱ्या वेळी हातावर जो फुत्कार लागतो, तो रिबनला लागला तर धप्प असा आवाज येतो. म्हणून हे गायक इंग्रजी 'पी' आणि 'बी' ओठांवर अलगद उघडायला शिकले, किंवा त्या क्षणी मान जराशी वळवायला. सिनात्राने तर मायक्रोफोन हे आपलं वाद्य असल्यासारखंच वापरलं. ओळीच्या शेवटी जवळ, चढ्या स्वराला लांब. हे कानाला कळू लागलं की या गाण्यांकडे 'गोड गोड' म्हणून दुर्लक्ष करणं अवघड जातं.

३. क्रूनर म्हणजे जॅझ गायकच ना?

काही जण दोन्ही, काही जण फक्त एक. क्रॉस्बी पॉल व्हाइटमनच्या बँडमध्ये 'रिदम बॉइज' या तिघांपैकी एक होता आणि लुई आर्मस्ट्राँगचा भक्त होता. आर्मस्ट्राँगने गाण्याची लय कशी ताणावी हे दाखवलं, क्रॉस्बीने ते आपल्या थंड स्वभावात मुरवलं. पेरी कोमोचा गळा सुरेख, पण त्याला जॅझ गायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी कसोटी साधी आहे. तोच गायक तेच गाणं दुसऱ्यांदा गातो तेव्हा शब्द जागच्या जागी पडतात, की सरकतात? सरकत असतील तर जॅझ.

४. सुरुवात कुठून करू? इंग्रजी शब्द पटकन कळत नाहीत.

शब्द सध्या बाजूला ठेवा. चार रेकॉर्डिंग सांगतो, प्रत्येक तीन मिनिटांच्या आसपास.

पहिलं, आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८. सुरुवातीला साथ नाही, ठेका नाही, नुसता ट्रम्पेट. पंधरा सेकंदांच्या आत तो वरून खाली घरंगळतो आणि मग संथ ब्लूज सुरू होतो. पुढे आर्मस्ट्राँग शब्दांविना गातो आणि क्लॅरिनेट त्याला उत्तरं देतं. हा भाग आपल्या कानाला सगळ्यांत लवकर ओळखीचा वाटतो, कारण सवाल-जवाब आपण लहानपणापासून ऐकतो. मग अर्ल हाइन्सचा पियानो. आणि शेवटच्या फेरीत ट्रम्पेट एकच वरचा स्वर धरून बसतो. धरूनच बसतो. बैठकीत इथे कुणी ना कुणी मान वर करून बघतंच.

दुसरं, क्रॉस्बी आणि मिल्स ब्रदर्स यांचं 'डायना', डिसेंबर १९३१. मिल्स ब्रदर्स एक गिटार सोडून बाकी सगळी वाद्यं तोंडाने काढायचे. तिसरं, बिली हॉलिडेचं 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू', जुलै १९३५, पियानोवर टेडी विल्सन, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन. हॉलिडेचा आवाज लहान, पल्ला त्याहून लहान, पण ती ठेक्याच्या मागे रेंगाळत कशी येते ते ऐका. चौथं, नॅट किंग कोल त्रयीचं 'स्वीट लोरेन', १९४०. पियानो, गिटार, बास, बस्स.

ही चार आठवडाभर फिरवून फिरवून ऐका. एकाच रात्री शंभर गाण्यांची यादी लावून ठेवलीत तर त्यातलं एकही लक्षात राहणार नाही.

५. 'स्विंग' म्हणजे काय? ताल मोजायचा कसा?

मोजणं सोपं आहे. बहुतेक गाणी चार मात्रांची: एक-दोन-तीन-चार. आपला हात भजनाच्या सवयीने एकवर पडतो. जॅझमध्ये टाळी दोनवर आणि चारवर द्या. पहिल्यांदा उलट्या पायात चप्पल घातल्यासारखं वाटेल. दहा मिनिटांत सवय होते.

आता स्विंग. एका मात्रेत दोन स्वर वाजवायचे असतील तर ते समान वाटून न देता पहिला लांब, दुसरा आखूड ठेवायचा. दादऱ्याच्या अंगाने पाहिलं तर मात्रेचे तीन भाग कल्पा: दोन भाग पहिल्याला, एक दुसऱ्याला. पण हे गणित मध्यम लयीपुरतंच. लय वाढली की वाटणी समान होत जाते आणि संथ लयीत प्रत्येकाची आपली असते. म्हणून कागदावर ती कुणी लिहीत नाही. समान स्वर लिहितात आणि 'झुलवून वाजवा' असं गृहीत धरतात.

गाण्याचा साचाही ओळखून ठेवा. बत्तीस बारांचं गाणं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक फेरा): आठ बारांचा मुखडा, तोच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा तुकडा, मग परत मुखडा. ब्लूज मात्र बारा बारांचा. प्र. ४ मधलं पहिलं रेकॉर्डिंग त्याचंच.

६. आमच्याकडे रागविस्तार, त्यांच्याकडे इम्प्रोव्हायझेशन. सारखंच की!

ऐनवेळी सुचतं, इतकं साम्य नक्की. पुढे वाटा वेगळ्या. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अखेरपर्यंत हलत नाही आणि गवय्या त्याच्याभोवती घर बांधत जातो. जॅझमध्ये खालची जमीनच सरकते. पियानोवर दर एक-दोन बारांना स्वरमेळ बदलतो आणि वर वाजवणाऱ्याला त्या-त्या क्षणी बसणारे स्वर शोधावे लागतात, तेही साचा न मोडता. दर दोन आवर्तनांना कुणी तुमचा तंबोरा वेगळ्या पट्टीत मिळवतोय अशी कल्पना करा. घाम फुटेल.

७. त्या काळी रेडिओवर हे पोहोचायचं कसं? पैसे कोण द्यायचं?

जाहिरातदार. अमेरिकेत घरोघर परवाना फी नव्हती. एनबीसी १९२६ मध्ये आणि सीबीएस १९२७ मध्ये सुरू झालं, आणि कार्यक्रम मालाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. व्हॅलीचा कार्यक्रम एका यीस्टच्या नावाने, क्रॉस्बीचा १९३६ पासून एका चीजच्या. 'बिनाका' टूथपेस्टच्या नावाने बुधवारची रात्र ओळखणाऱ्यांना यात काही नवल वाटू नये.

दुसरा प्रकार म्हणजे 'रिमोट'. रात्री उशिरा हॉटेलच्या नाचाच्या हॉलमधून टेलिफोनच्या तारेने बँड थेट हवेवर जायचा. ड्यूक एलिंग्टनचं नाव डिसेंबर १९२७ पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमधून असंच देशभर झालं.

आणि घड्याळाची एक गोष्ट. १९३४-३५ च्या हिवाळ्यात 'लेट्स डान्स' हा तीन तासांचा कार्यक्रम शनिवारी रात्री न्यूयॉर्कहून लागायचा, त्यात तीन बँड. बेनी गुडमनचा गरम बँड उशिरा वाजायचा, तोवर पूर्वेकडची मंडळी अंथरुणात. पण कॅलिफोर्नियात घड्याळ तीन तास मागे! तिथली कॉलेजची पोरं ऐन रंगात असायची. पुढे गुडमन बँड घेऊन दौऱ्यावर निघाला, वाटेत ठिकठिकाणी थंडा प्रतिसाद मिळाला, आणि २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार हॉलमध्ये तो वैतागून आपले गरम तुकडे वाजवू लागला, तर पोरं स्टेजभोवती गोळा झाली. पोरांना ते सगळं आधीच माहीत होतं. स्विंग युगाची सुरुवात या रात्रीपासून धरायची पद्धत आहे.

८. कार्यक्रम थेट व्हायचे, मग आज आपण ते ऐकतो कसे?

तीन वाटांनी. एक, रेडिओ कंपन्या आणि जाहिरातदार स्वतःसाठी सोळा इंची तबकड्यांवर प्रत ठेवायचे. दोन, कुणी हौशी माणूस घरच्या यंत्रावर रेडिओसमोर बसून उतरवून घ्यायचा. त्यामुळे काही जुन्या कार्यक्रमांत गाणं मधेच तुटतं: तबकडी संपली, उलटेपर्यंत दोन ओळी गेल्या. तीन, युद्धात सैनिकांसाठी खास तबकड्या निघाल्या.

पण हवेवर मात्र थेटच जायचं, हा मोठ्या नेटवर्कचा हट्ट होता. पूर्वेसाठी एकदा आणि पश्चिमेसाठी तीन तासांनी तेच सगळं पुन्हा. क्रॉस्बीला याचा भयंकर कंटाळा. त्याला गोल्फ खेळायचं असायचं. १९४६ मध्ये त्याने आधी रेकॉर्ड करून ठेवायची मुभा मिळेल अशा नव्या करारावर एबीसीकडे उडी मारली. पहिल्या हंगामात तबकड्यांवरून तबकड्या काढल्या, आवाज खरखरीत निघाला. तेवढ्यात जॅक मुलिन नावाचा अभियंता युद्धानंतर जर्मनीतून आणलेली मॅग्नेटोफोन यंत्रं दाखवत होता. ऑक्टोबर १९४७ पासून क्रॉस्बीचा कार्यक्रम चुंबकीय फितीवरून गेला. त्याने अँपेक्स या छोट्या कंपनीला पन्नास हजार डॉलर दिले आणि अमेरिकेत फितीचं युग सुरू झालं. जगातल्या सगळ्या स्टुडिओंना एडिटिंग मिळालं, त्यात एका माणसाच्या आळसाचा एवढा वाटा आहे.

९. माझ्या आवडत्या बँडची १९४३ ची रेकॉर्डं सापडतच नाहीत. हरवली का?

झालीच नाहीत. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. तबकड्या वाजल्या की थेट वादकांची कामं जातात, त्याचा मोबदला द्या, ही मागणी. डेका कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. गायक मात्र त्या संघटनेत नव्हते. म्हणून १९४३ ची सिनात्राची कोलंबियावरची गाणी ऐकलीत तर मागे वाद्यं नाहीत, नुसता माणसांचा कोरस आहे. तो प्रयोग नव्हता, नाइलाज होता. याच काळात तरुण वादक बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवत होते, आणि त्याचे पहिले दिवस तबकडीवर जवळजवळ आलेच नाहीत.

याच्या आधीचा, १९४१ चा गोंधळ वेगळा. गीतकार-संगीतकारांची संस्था आणि रेडिओ कंपन्या यांचं मानधनावरून फिसकटलं आणि वर्षाच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत त्या संस्थेच्या सभासदांची गाणी नेटवर्कवरून गायब झाली. एलिंग्टन सभासद, म्हणजे स्वतःच्याच रचना रेडिओवर वाजवता येईनात. त्याचा तरुण सहकारी बिली स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. तेव्हा स्ट्रेहॉर्नचं 'टेक द ए ट्रेन' पुढे आलं आणि बँडची ओळखधून होऊन बसलं.

१०. क्रूनर सगळे पुरुषच का?

शब्द पुरुषांना चिकटला, पण तंत्राची सुरुवात कदाचित एका बाईने केली. व्हॉन डी लीथ १९२० च्या सुमारास रेडिओच्या प्रयोगांत गायची आणि चढ्या आवाजाने नाजूक यंत्रं बिघडतील म्हणून तिने हळू गायला सुरुवात केली, असं सांगतात. विरहगीतं गाणाऱ्या बायकांना 'टॉर्च सिंगर' म्हणत. रूथ एटिंग ऐका, ॲनेट हॅन्शॉ ऐका. हॅन्शॉ तर गाणं संपलं की हसऱ्या आवाजात 'दॅट्स ऑल' म्हणून मोकळी व्हायची.

पण माझं सगळ्यांत जास्त प्रेम न्यू ऑर्लिन्सच्या बॉस्वेल भगिनींवर. तिघी मिळून एकाच गाण्यात लय तीनदा बदलतात आणि एकमेकींना धक्काही लागत नाही. त्यांतली कॉनी चाकाच्या खुर्चीत बसून गायची. एला फिट्झगेराल्डने आपला आदर्श म्हणून तिचंच नाव घेतलं आहे.

११. जॅझ काळ्या लोकांचं, मग रेडिओवरचे सगळे लाडके क्रूनर गोरे कसे?

कारण पैसे देणाऱ्याला दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाची भीती. कॉटन क्लबमध्ये वाजवणारे काळे, बसणारे फक्त गोरे. १९३८ मध्ये हॉलिडे आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गायची, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टने यायला लावलं. १९३७ मध्ये व्हॅली सुट्टीवर गेला तेव्हा त्याच्या जागी त्याच्याच शिफारशीवरून आर्मस्ट्राँगने कार्यक्रम चालवला. प्रायोजकाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो पहिला काळा सूत्रधार, पण काही आठवड्यांपुरताच.

नॅट किंग कोलची गोष्ट जास्त बोचते. १९४६ ते १९४८ मध्ये त्याच्या त्रयीचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम होता, एका केसांच्या तेलाच्या पैशावर. टीव्हीवर, जिथे चेहरा दिसतो, तिथे १९५६-५७ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रायोजक मिळाला नाही आणि कार्यक्रम बंद पडला. एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामा इथे भर कार्यक्रमात स्टेजवर चढून त्याला मारहाण झाली होती. त्याचा तो मखमली आवाज ऐकताना हे माहीत असावं, असं मला वाटतं.

१२. आपल्याकडे हे कुणी वाजवायचं का?

वाजवायचे, आणि झकास. १९३५ मध्ये लिऑन ॲबी अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हा शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस. तो पुढे ताजमध्ये, मग कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेला.

या मंडळींच्या बाजूला बसून शिकले ते गोव्याचे वादक. चर्चच्या संगीतशाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचता येऊ लागायचं. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट मुंबईत ट्रम्पेट घेऊन उभा राहिला की लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. हेच वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्यांचं मोल ओळखलं. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. नाचणाऱ्यांच्या मागे बघा.

शिवाय स्वतः तबकडी! ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी लाखेची, आणि जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः छोटा नागपूरचा जंगलपट्टा. पळस-कुसुमावरच्या किड्यांची ती राळ, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून न्यूयॉर्कमध्ये क्रॉस्बी उमटायचा. १९४२ मध्ये युद्धामुळे लाखेचा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत तबकड्यांच्या उत्पादनावर बंधनं आली.

१३. तलत महमूद किंवा गजाननराव वाटवे यांना क्रूनर म्हणता येईल?

तंत्राने जवळचे, वंशाने नाहीत. भावगीतही मायक्रोफोनचंच अपत्य आहे. नाट्यपदाची तान सोडून एका माणसाशी बोलावं तसं गाणं त्याशिवाय जमलं नसतं. तलतच्या आवाजातली ती थरथर कर्ण्याच्या काळात मेणावर उमटलीच नसती. पण त्यांच्या मागे जॅझ नाही, गझल आणि कविता आहे. लेबलं लावायची घाई नको.

१४. खरं सांगू? मला झोप येते.

येऊ द्या. निम्मी गाणी त्याच कामासाठी होती. उरलेल्या निम्म्यांसाठी प्र. ५ मधली टाळी देऊन पाहा.

१५. आजोबांच्या ७८ च्या तबकड्या घरच्या रेकॉर्ड प्लेयरवर लावू का?

प्लेयरवर ७८ चा वेग असेल तरी एलपीची सुई लावू नका. ७८ ची खाच साधारण तिप्पट रुंद असते. बारीक सुई तळाशी जाऊन कचऱ्यात घासते. आवाज खरखरतो आणि सुई खराब होते. ७८ साठी वेगळी सुई मिळते, ती घ्या. उलटही करू नका: चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर ती पहिल्याच फेरीत सोलून निघेल. चावीच्या यंत्राची पोलादी सुई एका बाजूला एक, हा जुना नियम कंजूषपणा न करता पाळा.

'७८' या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. १९२५ च्या आधीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठल्याही वेगाच्या असतात. गायकाचा आवाज चिरका किंवा घोगरा वाटला तर आधी वेग तपासा, मग गायकाला नावं ठेवा.

१६. त्या पुसायच्या कशाने? स्पिरिट चालेल?

नाही, नाही, नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार त्यातूनच पॉलिश करतात. कॉलेजात असताना मी एका तबकडीवर कापूस ओला करून फिरवला. कापूस काळा झाला तेव्हा वाटलं, किती मळ निघतोय! तो मळ नव्हता, गाणं होतं. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, सावलीत उभी करून वाळवा.

एक अपवाद. तबकडी काळी पण वजनाला वेगळी, कडेला किंवा भोकात ॲल्युमिनियमची चमक, लेबलवर हाताने लिहिलेलं, असं दिसलं तर ती घरी किंवा स्टुडिओत कापलेली एकमेव प्रत असू शकते (प्र. ८). तिचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. तिला पाणीही लावू नका, वाजवूही नका, जाणकाराकडे न्या.

१७. लग्नाच्या व्हिडिओला असं जुनं गाणं लावलं तर चालेल ना? शंभर वर्षं होत आली.

दोन हक्क वेगवेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं, त्यामुळे १९३०-४० च्या रेकॉर्डिंगचा संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. अर्व्हिंग बर्लिन १९८९ मध्ये, शंभरी ओलांडून गेला, म्हणजे त्याच्या गाण्यांना अजून बराच अवकाश. अमेरिकेत हिशेब आणखी निराळा: १९२३ पूर्वीची रेकॉर्डिंग १ जानेवारी २०२२ ला मोकळी झाली आणि त्यापुढची, १९४६ पर्यंतची वर्षं शंभर-शंभर वर्षांनी एकेक करून सुटताहेत. इंटरनेटवर टाकणार असाल तर हेही बघावं लागतं.

१८. एकाच गाण्याची एका ठिकाणी १९४२ ही तारीख, दुसरीकडे १९४७. खरी कोणती?

बहुधा दोन्ही. क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस' मे १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि इतकं खपलं की प्रती काढून काढून मूळ साचाच झिजला. मार्च १९४७ मध्ये त्याच वाद्यवृंदाला बोलावून ते जसंच्या तसं पुन्हा केलं. आज डिसेंबरात मॉलमध्ये कानावर पडतं ते बहुतेक वेळा दुसरं. त्याच दिवशीचे दोन 'टेक'ही वेगळे असतात. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक वाचा, तो छापील नावापेक्षा खरं बोलतो.

१९. तबकडीवर फक्त बँडचं नाव आहे, गायकाचं नाहीच. आवाज कुणाचा ते कसं शोधायचं?

नाचाच्या बँडच्या तबकड्यांवर हे सर्रास. लोक नाचायला तबकडी घ्यायचे, गायक मध्ये एक कडवं म्हणणार, म्हणून लेबलवर नुसतं 'गायनासह'. अल बोलीच्या वाट्याला हे फार आलं. रे नोबल, लू स्टोन, रॉय फॉक्स, कितीतरी बँडबरोबर तो लंडनमध्ये गायला. मोझांबिकमध्ये जन्मलेला, जोहान्सबर्गला वाढलेला हा माणूस १९२० च्या दशकाच्या मध्यात एका बँडबरोबर भारतातही येऊन गेला होता, तेव्हा हातात बँजो. शोधताना बँडचं नाव, तबकडीचा क्रमांक आणि प्र. १८ मधला कोरलेला आकडा हे तिन्ही जुळवा. नुसत्या आवाजावर पैज लावू नका, त्या काळी एकमेकांची नक्कल हा राजरोस धंदा होता.

इंटरनेटवर मात्र उलटा घोटाळा दिसतो: कुठलाही गोड ब्रिटिश आवाज बोलीच्या नावावर खपवतात. तेव्हा एक तारीख लक्षात ठेवा. १६ एप्रिल १९४१ च्या रात्री तो हाय विकम या गावी कार्यक्रम करून शेवटच्या गाडीने लंडनच्या घरी झोपायला आला आणि पहाटे त्याच्या इमारतीबाहेर विमानातून टाकलेला जर्मन सुरुंग फुटून तो गेला. त्यामुळे त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणावर त्याचं नाव दिसलं तर एक तर तारीख चुकली आहे, नाहीतर नाव.